लॉट होल्डवर ठेवा!

नव्या पुस्तकाच्या डिंकाचा वास आला, की मला सिल्वासातली ती संध्याकाळ आठवते. माझं रानभाज्यांवरचं पुस्तक विद्यापीठानं छापलं होतं आणि प्रकाशन टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. विद्यापीठाच्या वार्तापत्रात बातमी द्यायची म्हणून संपादक स्वतः आले होते. मी नव्या साडीत घामाघूम. संपादक 'निर्दोष निर्मिती'वर रंगात येऊन बोलत असतानाच शेजारचे काका उठले. काका मूळचे धुळ्याकडचे, प्लास्टिकच्या कंपनीत माल तपासायला होते. टेबलावरची एक प्रत त्यांनी सवयीनं चाळली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, हा माल पास नका करू! सोळा पानं डोकं खाली करून बांधलीत. लॉट होल्डवर ठेवा!" हॉल खदखदला, संपादक भाषण आवरून खाली बसले. काकांनी मात्र तिथंच खुर्ची ओढून सगळ्या प्रती तपासल्या, दोन बाद केल्या आणि मगच पेढा घेतला. वार्तापत्रात छापून आलं, 'पुस्तकाचे उत्साहात स्वागत.' आता वाटतं, हॉलभर माणसांत पुस्तक उघडून पाहिलं होतं ते एकट्या काकांनी. संपादकांनी नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.