रिह्याला झालेली गाड्यांची परीक्षा

हसणार असाल तर हातातला कप आधी खाली ठेवा, उगाच अंगावर सांडेल. माणूस स्वतःच्या तोंडानं किती गोत्यात येऊ शकतो, ते मला माझ्याच सासुरवाडीत, माझ्याच गाडीला टेकून उभा असताना कळलं. आणि मला कुणी फसवलं वगैरे नाही हो! जे केलं ते सगळं मीच केलं.

ती नवी छोटी मोटार तेव्हा नुकतीच रस्त्यावर दिसायला लागली होती. बुकिंगचा आमचा नंबर लागला आणि कोथरूडला आमच्या घरासमोर एक पांढरीशुभ्र गाडी येऊन उभी राहिली. मी कारखान्यात फोरमन. आमच्या घराण्यात सायकलीच्या पुढं कुणाची मजल गेलेली नाही. डोक्यात हवा जाणार नाही तर काय होणार? रोज सकाळी मी तिला फडक्यानं पुसायचो. आमच्या सुनंदाबाई म्हणायच्या, "कधीतरी पोरांची नाकंही पुसत जा."

नेमकी त्याच सुमाराला माझ्या साडूंनीही गाडी घेतली. साडू म्हणजे सुनंदाच्या पाठच्या बहिणीचे यजमान, दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी गडद निळी. बाहेरून तशी आटोपशीरच, पण आत बसलं की दिवाणखाना! मऊ मखमली सीटा, गार हवेचं यंत्र, टेपरेकॉर्डर, मागं ऐसपैस डिकी. डॉक्टर स्वभावानं गरीब, बोलणं अगदी कमी. एकदा जेवताना मी विचारलं, "ॲव्हरेज काय देते?"

तर म्हणाले, "बघितलं नाही हो, दादा."

ॲव्हरेज बघितलं नाही! माझ्या हातातला घास हातातच राहिला.

अशात माझ्या सासुरवाडीहून, रिह्याहून, मामांचं कार्ड आलं. मामा म्हणजे आमचे सासरे. नोकरीतून रिटायर होऊन गावी भातशेती बघायचे. कार्डावर तीनच ओळी: 'जयभीम. गाडीचं ठरवायचं हाय. रविवारी दोगंबी आपापली गाडी घेऊन या, बघून एक पसंत करतो.'

मी कार्ड वाचून उडालोच. "सुनंदा, तुझे अण्णा गाडी घेतायत!"

"अण्णा? त्यांना सायकल येत नाही."

"शिकवीन मी!"

"अहो, पण महिन्यावर लताचं लग्न आलंय. आत्ता कुठं गाडी घेतील?"

लता म्हणजे माझी धाकटी मेव्हणी. तिला सूस गावचं स्थळ मिळालं होतं आणि घरात नुसती धावपळ चालली होती. पण मी म्हटलं, हौसेला काय वेळकाळ असतो का? सुनंदाचं म्हणणं तिथंच सोडून दिलं. इथंच थांबून तिचं ऐकलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

पुढचे पाच दिवस मी वही घेऊन बसलो. डावीकडं माझी छोटी, उजवीकडं डॉक्टरांची निळी. पेट्रोल, चढ, वळण, चिखल, दुरुस्ती. डावीकडं पान भरून गेलं. उजवीकडं मी फक्त 'गार हवा' एवढंच लिहिलं, आणि ते पण बारीक अक्षरात.

रविवारी भूगाव, भुकूम, पिरंगुट करत घोटवड्यावरून रिह्याला पोचलो. डॉक्टर आधीच येऊन बसले होते. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावल्या. निम्मं गाव जमलं. मामा धोतर सावरत दोन्ही गाड्यांभोवती फिरले, बैल निवडताना फिरतात तसे. फक्त दात बघायचे राहिले.

मग माझ्या गाडीचं दार उघडून त्यांनी विचारलं, "जावईबापू, फेटा बांदलेला मानूस हितं नीट बसंल का?"

मामा सणासुदीला फेटा बांधायचे. मी म्हटलं, "मामा, फेट्याचं काय एवढं? काढायचा आणि मांडीवर ठेवायचा!"

मामांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. "आसं कसं? फेटा मांडीवर?"

"वारा लागतो डोक्याला."

"बरं. फुलं लावली तर टिकतील का हिच्यावर?"

नवीन गाडी आणली की हार घालतातच. मी म्हटलं, "एक हार पुरे. उगाच झाकून कशाला टाकायची?"

मामा निळ्या गाडीकडं वळले. मागच्या सीटवर बसून त्यांनी दोनदा उसळी घेतली. डॉक्टरांनी गार हवा सुरू केली तसे मामांचे डोळे मिटले. आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"मामा, उतरा," मी म्हटलं. "गाडी बसून कळत नसते, कामाला लावून कळते."

मी माझ्या गाडीची मागची सीटच उचकटून बाहेर काढली आणि विहाराच्या पायरीवर ठेवली. मामांच्या पडवीतून भाताची दोन पोती आणवली, वर मोठं पातेलं, त्यात दोन कळश्या. आणि पहिल्या गियरमध्ये गाडी टाकून वरच्या आळीचा तो खडा चढ एका दमात चढलो. वर जाऊन वळवली, खाली आणली. एक कळशी सुद्धा पडली नाही.

लोक ओरडले, "लई भारी!"

मामा खरोखर चकित झाले होते. "आन ह्यो वडा?"

ओढ्याला तेव्हा घोट्याएवढं पाणी. मी सरळ आत घातली आणि पलीकडं काढली. मागून डॉक्टरांनी आपली गाडी आणली, पण काठावरच खालून खर्रकन घासली. डॉक्टर उतरले, वाकून बघितलं, आणि शांतपणे गाडी मागं घेतली. काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, म्हणून मीच बोललो.

गाडीच्या टपावर हात ठेवला आणि अख्ख्या गावासमोर भाषण ठोकलं. "मामा, साधी गोष्ट आहे. ही कामाची गाडी. पोती न्या, पातेली न्या, बर्फ न्या, चढ असो, चिखल असो, हाक मारली की हजर. आणि डॉक्टरांची? वाईट नाही, पण नुसती शोभेची. फार तर लग्नात नवरा बसवायला ठीक!"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, फारच टोचून बोललो. डॉक्टर बुटांकडं बघत होते.

मामांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की मी गाडीवर आपटलो.

"शाब्बास! हेच पायजे हुतं मला."

"म्हणजे... छोटी घेणार ना?"

"घ्यायची कुटं? आरं, लताच्या नवऱ्याला सूसवरनं आनायला कोन्ची गाडी न्यायची, ह्ये ठरत नव्हतं. तुमी थोरले जावई. तुमची गाडी न्हाई नेली तर तुमास्नी राग यायचा, ह्याची मला धास्ती हुती. पर तुमी सोताच बोलला. मन मोठं हाय तुमचं!"

मी सुनंदाकडं बघितलं. ती पदर तोंडात कोंबून विहाराच्या पायरीवर, माझ्याच सीटवर बसली होती.

"आन दुसरी काळजीबी मिटली," मामा पुढं म्हणाले. "मला सामानाला टेम्पो मिळंना. आता कशाला पायजे?"

लग्नाच्या दिवशी निळ्या गाडीला शेवंतीच्या माळा लावल्या. नवरा फेटा बांधून ऐटीत उतरला, फोटो निघाले, वाजंत्री वाजली. हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मी तेव्हा पिरंगुटहून बर्फाच्या लाद्या आणत होतो. त्याआधी सतरंज्या, त्याआधी कर्ण्याचा लाऊडस्पीकर, त्याआधी आमटीची दोन पातेली. चढ सहा वेळा चढलो. त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा मी मांडवाच्या मागं, पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा ओघळ घेऊन, हात जोडून उभा होतो.

पंगती उठल्यावर नवऱ्याकडचे एक चुलते माझ्याजवळ आले. सूसचे, पिळदार मिश्या, पान चघळत. माझ्याकडं आणि गाडीतल्या पातेल्याकडं बघून म्हणाले, "काय गाडीवालं, पुढच्या रविवारी मोकळं हायसा का? आहेराची भांडी सूसला न्यायचीत."

आता मी काय करायला हवं होतं? छाती पुढं काढून सांगायला हवं होतं, की अहो, मी या घरचा थोरला जावई, कारखान्यात फोरमन, हाताखाली वीस माणसं! तोंड उघडलंही होतं मी.

तेवढ्यात त्यांनी गाडीच्या बॉनेटवरून हळूच हात फिरवला. "बाकी गाडी मातुर झ्याक ठेवलीया हां तुमी."

सबंध दिवसात माझ्या गाडीबद्दल चांगला शब्द काढणारा तो पहिला माणूस.

मी म्हटलं, "किती वाजता येऊ?"