दहापैकी दहा

श्रीरामपुरात स्टँडमागच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी शॅरन वैतागली होती, आणि त्याला कारणं होती. तिची मुलगी दिशा जन्मापासून ठार बहिरी. नातेवाईक पोरीच्या कानाशी ओरडत. एका डॉक्टरनं सांगितलं, खुणा शिकवू नका, बोलायचा आळस करेल. त्या नादात चार वर्षं पाण्यात गेली. शेवटी नगरच्या मूकबधिर शाळेत दिशा खुणांची भाषा शिकली आणि सुट्टीत घरी येऊन तिनं ती आईला शिकवली.

पण ती शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला दिशा गल्लीजवळच्या शाळेत आली. तोरणे सरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वतः फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले. झाली सोय!

वर्षाअखेर प्रगतिपुस्तक आलं. तोंडी परीक्षा, दहापैकी दहा. नवरा पॉल खूश झाला. शॅरनच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन तशीच सोडून, दिशाचा हात धरून तिनं शाळा गाठली.

सर समजुतीनं म्हणाले, बिचारीला काय विचारणार? एकही मार्क कापला नाही मी.

"म्हंजे विचारलंच न्हाई," शॅरन म्हणाली. "आता विचारा. खुणा मी करते."

आईच उत्तरं सांगेल, अशी सरांना शंका होती. तरी नाइलाजानं त्यांनी पुस्तक उघडलं. मुंगीला पाय किती? शॅरननं खूण केली. दिशानं ऐटीत आठ बोटं दाखवली. सहा हा आकडा शॅरनच्या अगदी ओठांवर आला होता. तो गिळून ती म्हणाली, "आठ म्हनती."

पाचातली तीन उत्तरं बरोबर आली. सरांनी दहा खोडून सहा केले. दिशा आईशी हातवारे करून भांडायला लागली, आठ कसे चूक? आपलं चुकलं हे तिला वर्षभरात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. रागानं तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि शॅरनला तो फार आवडला.

"अजून काही?" सरांनी पुस्तक मिटत विचारलं.

दिशानं पटकन काहीतरी खुणावलं. शॅरननं तिला ते पुन्हा करायला लावलं.

"ती विचारती, तुमी वर्गात कायतरी सांगता आन् सगळी पोरं हसतात. ती पन हसती, सगळी हसतात म्हनून. ते काय असतं?"

सर ओशाळून हसले. अहो ताई, असंच काहीतरी गमतीचं, सांगण्यासारखं काही नसतं, असं म्हणाले.

"तिला सांगा," शॅरन म्हणाली. "येक तरी सांगा."

सर आठवू लागले. दिशा त्यांच्या ओठांकडे टक लावून, आधीच थोडीशी हसत, उभी होती.