बंद न करायचं मशीन

नवघरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत जयंतीभाईंचा लिफ्टची कंट्रोल कार्डं बनवायचा गाळा होता. त्या गाळ्यात एक कॉम्प्युटर होता, आणि तो कधीही बंद करायचा नाही असा शिरस्ता होता. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडे, समोर नारळ फुटे. सगळे त्याला ‘कौस्तुभचं मशीन’ म्हणत. खुद्द कौस्तुभ, गाळ्याचा आधीचा प्रोग्रामर, त्र्याण्णव सालीच सिंगापूरला निघून गेला होता. त्या बिचाऱ्याची इथे असताना एवढी बडदास्त कोणी ठेवली नव्हती.

मशीन सांभाळायला नीलिमा तांबे होती. लिफ्टच्या कार्डावरची चिप वेगळी, तिची भाषाही वेगळी. प्रोग्राम कॉम्प्युटरवर लिहायचा आणि मग चिपला कळेल असा करून घ्यायचा. ते करून देणारी हत्यारं, म्हणजे छोटे छोटे मदतनीस प्रोग्राम, कौस्तुभने बांधून ठेवली होती, पण अशी, की ती त्याच्या नावाच्या डिरेक्टरीबाहेर पाऊल टाकत नसत. एकमेकांना ती त्याच एका पत्त्यावर शोधत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की कोणी कोणाला ओळख देत नसे. शिवाय ती सुटी वापरायची सोय नव्हती. लिफ्टचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं म्हटलं तरी कौस्तुभने लावून दिलेला अख्खा बिल्ड, म्हणजे सगळा प्रोग्राम नव्याने जुळवायचा तो फेरा, पहिल्यापासून चालवायचा. त्यात अर्धा दिवस जाई आणि नीलिमा समोर बसून राही.

घरी, जेसल पार्कला, तिची लहानगी पायल सासूबाईंच्या मांडीवर असे. सरोजाबाईंचे गुडघे कामातून गेले होते. पोर रांगायला लागली की आपल्याच्याने तिच्यामागे धावणं होणार नाही, दिवाळी झाली की आपण माणगावला जाणार, असं त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. नवरा समाधान पोस्टात. त्याने फोर्टातल्या एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर घरी आणला होता. तेव्हा नीलिमाने जयंतीभाईंना विचारून पाहिलं, की मी घरून काम केलं तर?

“नीलिमाबेन, तुम्ही घरी, मशीन इथे. कसा जमेल?” जयंतीभाई म्हणाले. “मशीन तर आपल्या जागेवरच चालते ना.”

म्हणजे नोकरी नाहीतर पायल. नीलिमाला दोन्ही हवं होतं, आणि त्यात आपण काही जगावेगळं मागतोय असं तिला वाटत नव्हतं.

बिल्ड चालू असताना हाताला काम नसेच. त्या वेळात तिने एकेक हत्यार बाहेर काढलं, कोण कोणाला कुठे शोधतं ते पाहिलं, आणि एक छोटी फाइल लिहिली. हत्यारं कुठेही ठेवा. ही फाइल चालवली की ती आपण कुठे बसलोय ते बघून घेई आणि बाकीच्यांना तो पत्ता कळवी. मग जेवढं बदललं तेवढंच नव्याने तयार होई. हत्यारं, ती फाइल आणि लिफ्टचे प्रोग्राम, सगळं मिळून फ्लॉपींच्या एका डब्यात मावलं. घरच्या कॉम्प्युटरवर चहा उकळायच्या आत काम झालं. तिने तो डबा जयंतीभाईंपुढे ठेवला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

“दसऱ्यानंतर बघू,” ते म्हणाले. दसऱ्याला त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या गाळ्यात जायचं होतं.

मशीन चालू ठेवूनच न्यायचं ठरलं. हातगाडीवर गादी, गादीवर हारासकट मशीन, शेजारी युपीएस. गाडी ओढायला मोरव्याचा धाकू.

“शेठ, बंद करून नेऊ की. जीव हाय का त्यात?” धाकूने विचारलं.

“चालू डिस्कला धक्का बसला तर ती जाईल, जयंतीभाई,” नीलिमाही म्हणाली.

“कौस्तुभ बोलून गेला, बंद नही करनेका,” जयंतीभाई म्हणाले. कौस्तुभ तसं बोलला होता, हे खरं. एकदा बिल्ड चालू असताना चहाला जाता जाता बोलला होता.

गल्लीत खड्डे होते. एका खड्ड्यात मशीन खरखरलं आणि गप्प झालं. नव्या गाळ्यात पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’ एवढीच ओळ उमटली आणि ती काही केल्या जाईना. मुहूर्त टळत होता म्हणून नारळ मात्र फोडला. तेवढ्यात मीरा रोडच्या एका सोसायटीचा फोन आला, की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबतच नाहीये.

नीलिमाने पिशवीतून डबा काढला आणि हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवर बसली. प्रसादाचं खोबरं वाटून व्हायच्या आत प्रोग्राम तयार झाला. जयंतीभाई मागे उभे राहून बघत होते.

“म्हणजे हे कुठे पण चालते? कोणी पण करेल?”

“कोणीपण.”

“मग तुमची गरज काय?”

ती फाइल लिहिल्यापासून नीलिमाला याच प्रश्नाची धास्ती होती.

“प्रोग्राम लिहायला कोणीतरी लागेलच ना,” ती म्हणाली. “फक्त त्याला इथे बसायला नको.”

जयंतीभाईंनी हार घातलेल्या मशीनकडे एकदा बघून घेतलं.

“दोन दिवसाआड येऊन जा,” ते म्हणाले.

दिवाळी झाली आणि सरोजाबाई माणगावला गेल्या. एका सकाळी नीलिमा काम करत असताना पायल रांगत रांगत टेबलाखाली गेली, तिने वायर धरली आणि प्लग ओढून काढला. पडदा काळा झाला. जुन्या सवयीने नीलिमा ताडकन उठली. पायल प्लग हातात धरून हसत होती, आणि ते बघायला आपण घरी आहोत याचा नीलिमाला इतका आनंद झाला की तिला रागवायचं सुचलंच नाही. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं, प्लग पुन्हा लावला आणि ती छोटी फाइल चालवली. हत्यारांनी एकमेकांना बिनबोभाट शोधून काढलं. घरात एक नारळ होता. त्याची तिने दुपारी चटणी वाटली.