एकदाच विचारलं

कोल्हापूरची माती कुस्तीची, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. त्या मातीला फुटबॉलचंही वेड आहे, हे मात्र बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. तिथे तालमीतालमीचे संघ असतात आणि सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमच्या पायरीवर बूड टेकायला जागा मिळत नाही. पांडुरंग मगदूम अशाच एका तालमीचे डाव्या बाजूचे खेळाडू. पाय आखूड, पण चेंडू असा अडवायचे की समोरचा पोरगा चेंडूमागं जायचं सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा.

चोविसाव्या वर्षी फिटरचं काम धरून ते जहाजावर चढले. पुढं सिंगापुरात, तुआसच्या एका शिपयार्डात लागले, आणि आयुष्याचा मोठा तुकडा तिथल्या ग्रीसच्या वासात गेला. बायको विद्या आली, लेक किमया तिथंच वाढली. पण शनिवार आला की ह्या माणसाचा उजवा पाय आपोआप हलायला लागे. "जेवताना तरी पाय गप ठेवा," विद्याताई म्हणायच्या, "टेबल हलतंय."

त्यांना मैदान मिळालं ते श्रीनिवास सरांमुळं. सर मूळचे पुण्याचे, सिंगापुरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे आणि कॉलेजच्या फुटबॉल संघाची व्यवस्था बघायचे. गणपतीत ओळख झाली, आणि सरांनी मरीन परेडच्या आपल्या घरी बोलावलं.

त्या पहिल्या भेटीचा किस्सा पांडुरंग पुढं दहा वर्षं सांगत राहिले. सरांच्या पत्नी मीनलताईंनी विचारलं, "चहा घेणार?"

"नको, नको. कशाला उगीच," पांडुरंग म्हणाले.

"बरं," मीनलताई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

पांडुरंगांनी तासभर वाट बघितली. घसा कोरडा पडला. शेवटी परत जाताना हॉकर सेंटरच्या टपरीवर दोन कप रिचवले. सरांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "अहो, हवा होता तर हो म्हणायचं ना!"

"पहिल्या हाकेला हो म्हणायला आम्ही काय हावरट हाय?" पांडुरंग म्हणाले. "सर, पुण्यात नको म्हणजे नको. आमच्यात नको म्हणजे अर्धा कप."

त्याच आठवड्यात ते संघाचा सराव बघायला गेले. गोलच्या मागं गेलेला चेंडू उचलून त्यांनी गोलकीपरच्या हातात दिला आणि त्याचे खांदे धरून त्याला कसं उभं राहायचं ते दाखवलं. ते तिथंच राहिले. पगार नाही, पद नाही. गोलकीपरांना शिकवायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की पोरांना हाकत छपराखाली आणायचं. पोरं त्यांना 'अंकल' म्हणायची. त्या देशात टॅक्सीवालाही अंकल, झाडूवालाही अंकल. पांडुरंगांना तो शब्द 'काका'सारखा गोड लागायचा. पण कधीतरी ते विद्याताईंना म्हणत, "एकदा कुणीतरी कोच म्हणायला पायजे बघ. एकदाच. मग मेलो तरी चालंल."

आमच्याकडं तालमीचा वस्ताद निवडायची रीत आहे. जाणती माणसं नारळ घेऊन घरी जातात. ज्याच्याकडं जातात तो म्हणतो, "नको बाबांनो, माझ्यापेक्षा जाणते हायेत." ते पुन्हा विचारतात. तो जमिनीकडं बघत राहतो. तिसऱ्यांदा विचारलं की तो मान खाली घालतो, आणि मग डोक्यावर फेटा चढतो. स्वतःहून हात पुढं करणाऱ्याला कुणी वस्ताद करत नाही. पांडुरंगांनी लहानपणी ही गोष्ट तीनदा डोळ्यांनी बघितली होती. ती त्यांच्या हाडात होती.

दोन हजार पंधरा साल उजाडलं तेव्हा संघ पार खचलेला होता. दोन हंगामांत एक सामना जिंकला, तोही समोरच्या संघाचे चार जण आजारी होते म्हणून. सप्टेंबरात समुद्रापलीकडं पेटलेल्या जंगलांचा धूर सिंगापूरवर उतरला. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा, मैदानाचा दुसरा गोल दिसत नव्हता. सराव बंद पडला. त्या धुरातच मुख्य कोचनं राजीनामा दिला.

पोरांचा कप्तान हाफिझ. त्यानं एक पत्र लिहिलं आणि सगळ्या संघाच्या सह्या घेतल्या. आम्हाला बाहेरचा माणूस नको, अंकल हवेत, एवढंच त्यात होतं. ते पत्र निवड समितीपुढं गेलं. समितीत तिघं होते. विद्यार्थ्यांचं खातं सांभाळणारे क्वेकसाहेब, क्रीडा विभागाच्या एक बाई, आणि श्रीनिवास सर. दुसरं नाव होतं रिदवान नावाच्या तरुण कोचचं. हातात दोन प्रमाणपत्रं, स्वभाव चांगला. तरी पोरांच्या सह्या बघून क्वेकसाहेबांचं मन अंकलकडं झुकलं होतं. सरांनी हे पांडुरंगांना आधीच फोनवर सांगितलं. "तुम्ही फक्त या. बाकी सगळं झालेलं आहे."

विद्याताईंनी पांढरा सदरा इस्त्री केला. किमया चांगी बिझनेस पार्कला कामावर निघाली होती. जाताजाता म्हणाली, "बाबा, just say yes lah. Don't make speech."

"व्हय व्हय," बाबा म्हणाले.

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ते एक इंग्रजी वाक्य घोकत बसले. आपल्या बोलीत त्याचा अर्थ असा: पोरांची इच्छा असेल, तर हे ओझं मी उचलतो. हे वाक्य त्यांनी तिसऱ्या विचारण्यासाठी तयार ठेवलं होतं.

समितीच्या खोलीत एसीचा गार वारा सुटलेला. बाहेर धूर, आत स्वच्छ काच. क्वेकसाहेबांनी उठून हात मिळवला, पोरांचं पत्र दाखवलं, आणि म्हणाले, "अंकल, मुख्य कोचची जबाबदारी तुम्ही घ्याल का?"

पांडुरंगांचं काळीज एवढं भरून आलं की त्यांना पंचगंगेचा घाट दिसला. नारळ दिसला. आणि तोंडातून तेच आलं जे त्या क्षणी त्यांच्या वाडवडिलांच्या तोंडून आलं असतं.

"नो, नो सर. मी लहान माणूस. माझ्यापेक्षा मोठा कुणी बघा."

क्वेकसाहेब थांबले. तसं बघितलं तर त्यांच्या चिनी लोकांतही आधी नको म्हणायची रीत आहे. पण ती जेवणाच्या टेबलावर. कार्यालयातल्या खुर्चीत नको म्हणजे नको. तरी त्यांना शंका आली असावी, कारण त्यांनी सरांकडं बघितलं. "श्रीनि, तुम्ही यांना ओळखता. यांचं खरंच नाही आहे का?"

दहा वर्षं चहाचा किस्सा ऐकलेला माणूस तो. त्याला कळायला हवं होतं. पण आपल्याच मुलखातल्या माणसाचं घोडं पुढं दामटतोय असं दिसू नये, ह्या एका भीतीनं सर ताठ बसले होते. ते म्हणाले, "साधा माणूस आहे. जे मनात, तेच बोलतो."

क्वेकसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग दोन्ही हातांनी पांडुरंगांचा हात धरून म्हणाले, "प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहे."

पांडुरंग जमिनीकडं बघत बसले. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. बाईंनी दार उघडून धरलं तेव्हा ते उठले.

घरी विद्याताईंनी शिरा केला होता. त्यांनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि गॅस बंद केला.

"हो म्हणालात ना?"

पांडुरंग बूट काढत राहिले. नाडी सुटेना. तिच्याकडंच बघत म्हणाले, "त्यांनी एकदाच विचारलं."

 विद्याताई खाली बसल्या आणि नाडीची गाठ सोडवू लागल्या.

श्रीनिवास सरांना सगळा उलगडा झाला तो दोन दिवसांनी, घरी मीनलताईंनी कुणालातरी "चहा घेणार?" असं विचारलं तेव्हा. ते तसेच उठले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला पांडुरंगांच्या फ्लॅटवर आले. दारातच म्हणाले, "पांडुरंगराव, माझं चुकलं. मी क्वेकसाहेबांशी बोलतो. अजून सही झालेली नाही. होणार का कोच?"

"रिदवानला कळवलं का?"

"काल कळवलं."

"मग नको."

"अहो, मी पुन्हा विचारतोय."

"दुसऱ्याच्या पानात वाढलेलं उचलून आम्ही खात नाही, सर."

"तिसऱ्यांदा विचारतो. पाया पडतो हवं तर."

पांडुरंग हसले. ते हसू बघून सरांना खाली बघावं लागलं. "सर," ते म्हणाले, "हे पुण्याचं नको हाय."

विद्याताईंनी न विचारता चहाचा कप सरांच्या हातात दिला. तो त्यांनी निमूट प्यायला.

नोव्हेंबरात धूर निवळला. मैदान पुन्हा हिरवं दिसायला लागलं आणि सराव सुरू झाला. शनिवारी चार वाजले की पांडुरंग बूट घालायचे, थोडा वेळ बसायचे आणि काढून ठेवायचे. टेबल हलायचं बंद झालं होतं. विद्याताईंना त्या न हलणाऱ्या टेबलाची भीती वाटायची.

अशाच एका शनिवारी फोन वाजला. पलीकडं रिदवान होता. आवाज आदबशीर. "अंकल, पोरं रोज तुमचं नाव काढतात. गोलकीपरांना शिकवायला याल का? मला मदत होईल."

पांडुरंगांचा उजवा पाय हलला. ते खुर्चीतून अर्धे उठलेही होते. आणि अर्ध्या उठलेल्या अवस्थेतच, साठ वर्षांच्या सवयीनं, तोंड आपलं काम करून गेलं.

"नो, नो. माझं आता कशाला."

 मग तो भला पोरगा म्हणाला, "ओके अंकल. तब्येतीला जपा."

फोन बंद झाला तरी पांडुरंगांनी तो कानाला धरून ठेवला होता. स्वयंपाकघरातून विद्याताईंनी विचारलं, "अहो, कोण होतं?"

"कोच," पांडुरंग म्हणाले.