टॅपेटचं सेटिंग

गणराजने व्हॅनमध्ये ट्रॅक्टरचं जाड ऑइल ओतलं, ते काही इंजिनाच्या प्रेमापोटी नव्हे. पावणेतीन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन टकटक करत होतं, आणि सकाळी दिघी ते चाकण सोबत बसून गिऱ्हाईक गाडी पारखणार होतं. जाड ऑइलनं म्हातारी इंजिनं गप्प बसतात, असं कुणीतरी सांगितलेलं. सकाळी चावी फिरवली, तर टकटकीची खडखड झालेली.

गाडी खपली की हा सुटणार होता. लातूरला मेव्हण्याचं दुकान वाट बघत होतं. इथं वर्षानुवर्षं तीच शिफ्ट, त्याच कंपनीच्या बायकांची ने-आण, तोच चाकणचा चौक.

"टॅपेट वाजतंय," पुढच्या सीटवरून गिऱ्हाईक, म्हणजे दादासाहेब, म्हणाले.

"एवढंच हो! सेटिंग केलं की संपलं."

"गेल्या दिवाळीपासून संपतंय ते," मागून त्या बायकांतल्या शालनबाईंनी टोला हाणला.

चौकाच्या अलीकडे सगळंच थांबलं. पुढं कंटेनर, मागं बस, बाजूला ट्रक. गणराजने दादासाहेबांच्या समाधानासाठी किसन मेस्त्रीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"किसनभाऊ, टॅपेट सेटिंगला किती वेळ लागतो, सांगा जरा."

"सेटिंग? लेका, तुझ्या इंजिनाला सेटिंगचा स्क्रू आहेच कुठं? त्यात ऑइलवर चालणारे लिफ्टर असतात. त्यांच्यात ऑइल भरलं की टॅपेटची फट आपोआप बुजते. कुठलं ऑइल टाकलंस?"

गणराज स्पीकर बंद करायला गेला, तर आवाजच वाढला.

"ट्रॅक्टरचं नाही ना रे?"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. दादासाहेब हसले नाहीत.

"तापल्यावरही वाजतंय? मग सीट उचल, लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकव, मूठ कानाला लाव. आवाज खालून आला तर गाडी तिथंच बंद कर. बेअरिंग गेलं समज."

हत्यारांची पेटी तर विकायच्या घाईत घरी उतरवलेली. शेजारच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून स्क्रूड्रायव्हर दिला. "लगेच देतो भाऊ," गणराज म्हणाला. इंजिन सीटखाली, त्यामुळे दादासाहेबांना उठून कमरेत वाकून उभं राहावं लागलं.

"वरून येतोय! तिसऱ्या सिलिंडरपाशी."

"वाचलास. ते जाड ऑइल काढू, बरोबरचं घालू. तरी वाजलं तर लिफ्टर अडकलाय नाहीतर झिजलाय. मग इंजिनाचं हेड खोलायचं."

दादासाहेबांनी स्वतः कान लावून ऐकलं आणि स्क्रूड्रायव्हर गणराजच्या हातात परत दिला.

"गाडी आवाजासकट घेतली असती राव. पण तू आणखी काय काय गप्प बसवलंयस, हे आता कुणाला विचारू?"

ते उतरले आणि गाड्यांच्या फटीतून बघता बघता दिसेनासे झाले. त्यांना जाता येत होतं.

"बरं झालं बाई," शालनबाई म्हणाल्या, "नवा ड्रायव्हर शोधायची कटकट टळली. चल आता, कंपनीचं गेट बंद होईल."

तेवढ्यात कोंडी हलली. मागच्या बसनं भोंगा धरला. गणराजने धडपडत सीट बसवली, पहिला गिअर टाकला. ट्रक शिक्रापूरकडे वळून गेला होता, आणि ट्रकवाल्याचा स्क्रूड्रायव्हर गणराजच्या मांडीवरच राहिला होता.