ढोल बाहेर वाजवला त्याची गोष्ट

रत्नागिरीला मी दुसऱ्यांदा गेलो तो स्वतःचं एक खोटं मागे घ्यायला. पाच वर्षांपूर्वी ते मी तिथेच बोललो होतो, आणि ते इतकं सोयीचं होतं की तेव्हा लाजही वाटली नव्हती.

पुण्यात आमचा सातजणांचा वाद्यवृंद होता. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याला पाठिंबा म्हणून आम्ही गाण्यांची कॅसेट काढत होतो. ध्वनिमुद्रण माझ्याकडे. गोऱ्यांच्या बाकावर बसला म्हणून मार खाल्लेल्या माणसाचं एक गाणं होतं. त्याला खालूबाजातला (सनई, टिमकी, ढोल यांचा कोकणातला ताफा) ढोल हवा होता. आमच्या गायकाचे मामा पावसजवळच्या एका वाडीत बागायतदार होते. त्यांच्या माजघरात मी भिंतींना गोधड्या टांगून टेपरेकॉर्डर मांडला. वाडीतले ढोलवाले शिवरामदादा ढोल घेऊन आले, तेव्हा मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे लोक खळ्याच्या (घरापुढचं सारवलेलं अंगण) पुढे, घरात येत नाहीत. मी एका शब्दाने वाद घातला नाही. यंत्र उचलून बाहेर खळ्यात आणलं आणि दादांना म्हणालो, "ढोलाचा आवाज बाहेरच चांगला येतो."

कॅसेटवर आम्हा सातजणांची नावं छापली. शेवटी 'ढोल : कोकणातील एक लोककलावंत'.

पुढे वृंद मोडला. यंदा खूप दिवसांनी ती कॅसेट लावली, तर त्या गाण्यात ढोलामागे कोंबडा आरवला. ते खळं डोळ्यांपुढे आलं आणि जाईना.

मे महिन्यात पहाटेची एसटी धरली. आंबा घाटात इंजिन तापलं. तासभर कठड्यावर बसलो. शेजारी गुहागरचे एक निवृत्त खलाशी होते. कशाला निघालात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आंबे घ्यायला. "पुण्यात मिळत नाहीत?" त्यांनी हसून विचारलं. निघताच दुसरं खोटं.

रात्री रत्नागिरीत मुक्काम केला. सकाळी पावसच्या गाडीने वाडीच्या फाट्यावर उतरलो. कातळावरून चालताना चपलेतूनही चटके बसत होते. मामांची बाग मागे टाकून पार टोकाला गेलो. दादा दारात ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. फार वाळले होते.

"टेपवाले सायब! कवा आलाव?"

सुनेने पाणी आणि गुळाचा खडा दिला. कॅसेट मी त्यांना कधी पाठवलीच नव्हती, ती आता हातात ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं, याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळस आली.

बाजा कसा चाललाय, असं विचारलं. दादा पुन्हा दोऱ्या ताणू लागले. सूनच बोलली. शाळेला नवं सभागृह झालं. गुरुजींनी पहिल्यांदाच बाजाला आत, मंचावर बोलावलं. सगळे हरखले. दादा मात्र आत जाईनात. शेवटी बाजातली पोरं दुसरा ढोलवाला घेऊन गेली. त्याला आता दोन वर्षं झाली, यांना कोणी बोलवत नाही.

"पोरांना काय कळताय?" दादा म्हणाले. "पुण्याच्या सायबांनी मशीन लावून सांगितलान, ढोल भायेरच वाजतो. आत मरतो."

मी फक्त कॅसेटवरच्या नावाबद्दल बोलून उठू शकलो असतो. त्यांच्याजवळ माझ्या त्या वाक्याशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. पण सून माझ्याकडे बघत होती.

"तुमीच सांगा, खरा हाय काय ता?" तिने विचारलं.

दादांनी दोरी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने.

"नाही," मी म्हणालो. "दादा, आवाज आतच चांगला आला असता. मी सगळी तयारी आतच केली होती. तुम्हाला घरात घ्यायला मामा तयार नव्हते आणि त्यांना विरोध करायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी ते कारण रचलं. या कॅसेटवर तुमचं नावसुद्धा नाही. मला माफ करा."