पिठल्याचा सीन

शूटिंगमध्ये मला सगळे 'कचरा मॅडम' म्हणतात. तोंडावर नाही, पण मी काही बहिरी नाही. सिनेमा करताना वीज, पाणी, अन्न वाया जाऊ नये आणि मागे कमीत कमी कचरा राहावा, हे बघणं माझं काम. म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या बंद करायच्या, जनरेटरऐवजी बॅटऱ्यांवर भागवायचं आणि जेवताना लोकांच्या ताटात डोकावायचं. हे शेवटचं कुणालाच आवडत नाही. मी पंगतीत येऊन बसले की शेजारच्याला नेमका फोन येतो. सुरुवातीला वाईट वाटायचं, आता मी ताट घेऊन सरळ एखादी पायरी गाठते.

तरी काम सोडलं नाही, कारण आधीच्या एका सिनेमात काय झालं ते पाहिलं होतं. मच्छे गावातल्या एका रिकाम्या शेडमध्ये आम्ही प्लायवूड आणि थर्माकोलचं अख्खं घर उभं केलं होतं. तुळशीवृंदावनसुद्धा थर्माकोलचं. शूटिंग संपलं तशी सगळं मागच्या मोकळ्या जागेत नेऊन पेटवून दिलं. तो वास केसांतून जाता जाईना. लोक मात्र त्या धुराच्या पुढ्यात उभं राहून सेल्फी काढत होते.

म्हणून पुढच्या सिनेमाला निपाणीजवळच्या एका गावात खरंखुरं स्वयंपाकघर मिळालं तेव्हा मी खूश झाले. काही बांधायला नको, काही जाळायला नको. घर एका वयस्कर जैन शेतकऱ्याचं होतं. मुलगा बेंगळुरूला, बायको मागच्या पावसाळ्यात गेलेली. जेवणाचा डबा पुतण्याच्या घरून यायचा. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले.

"डाळ हाय, पीठ हाय, वापरा सगळं. न्हायतर किडंच खानार," ते म्हणाले. "पर कांदा-लसूण आत आणायचा न्हाय. आन् तिनं जे जितं ठेवलंय ते परत तितंच लावायचं. येक डबा हिकडचा तिकडं हुता कामा न्हाय."

मी शब्द दिला. प्रत्येक फळीचे, कोनाड्याचे, खुंटीचे फोटो काढले. नटीने डाव्या हातात धरलेला पेला पुढच्या शॉटमध्ये उजव्या हातात दिसला तर बोंब होते, त्यामुळे असे फोटो काढायची आम्हाला सवयच असते. वर मी दोन नियम घातले. त्या स्वयंपाकघरासाठी नवं काही विकत आणायचं नाही, आणि कॅमेऱ्यापुढे शिजलेलं सगळं आपणच खायचं. एरवी असं अन्न सरळ उकिरड्यावर जातं.

सीन साधा होता. सून सासऱ्यासाठी पिठलं करते, एवढंच. पण कधी वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकटायची, कधी बाहेरून ट्रॅक्टर जायचा, कधी नटी वाक्य विसरायची. दर टेकला नवं पिठलं. त्यात दिग्दर्शकाला रंग पसंत पडेना. "अजून लाल दिसू दे," म्हणत राहिला, आणि नटी फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीतून तिखट घालत राहिली.

दुपारी त्या पिठल्यावर आणि भाकरीवर सगळं युनिट तुटून पडलं. आप्पाही आले. अंगणात चांगल्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्या सोडून ते माझ्याशेजारी पायरीवर टेकले. त्या युनिटात माझ्याजवळ आपणहून बसलेला तो पहिला माणूस. मी त्यांना वाढलं. एक घास घेऊन ते थांबले.

"तिखट झालंय का हो?"

"न्हाय."

मग सावकाश जेवले, पुन्हा मागून घेतलं, ताट बोटाने निपटून चाटलं. मला फार बरं वाटलं. अन्नाची किंमत कळणारा एक तरी माणूस भेटला, असं मनात म्हणत मी बाकीच्यांची ताटं बघायला उठले.

शेवटच्या दिवशी युनिट पुढे गेलं. मी फोन हातात धरून आवरायला लागले आणि त्या बरणीशी अडले. फोटोत तिच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलेलं होतं. आता फडकं बाजूला होतं आणि आत तळ दिसत होता. वर्षाचं तिखट उन्हाळ्यात करून ठेवायची आपल्याकडची रीत, आणि त्या बाई पावसाळ्यात गेलेल्या. ते त्यांच्या हातचं शेवटचं तिखट होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

निपाणीच्या बाजारातून तिखट आणून बरणी भरता आली असती. फडकं बांधलं की फोटोशी अगदी तंतोतंत जुळलं असतं. रंग जुळवण्यातच तर आमची हयात जाते. पण माझे पाय काही बाजाराकडे वळेनात. काही वाया जाऊ द्यायचं नाही म्हणता म्हणता आम्ही त्या माणसाचं जपून ठेवलेलं संपवलं होतं. मला स्वतःचा आणि माझ्या नियमांचा भयंकर राग आला. मी बाहेरच्या सोप्यात गेले, आप्पा तिथेच बसले होते.

"आप्पा, बरणीतलं तिखट आमच्याकडून संपलं."

"ठाऊक हाय. पैल्या घासालाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

ते अंगणाकडे वळले. "म्या ती बरणी उगडलीच न्हवती, बाई. येकट्यानं बसून कसं खायाचं? आन् संपली म्हंजे? त्या दिशी लई मानसं हुती जेवाय. तवा गेलं पोटात."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. निदान दिलेला शब्द तरी पाळावा म्हणून मी आत जाऊन मोरीतली कढई उचलली आणि फोटो शोधायला लागले. ते मागोमाग येऊन दारात उभे राहिले. पळी ओट्यावर राहिली होती, एका डब्याचं झाकण तिरकं, पाट भिंतीपासून पुढे ओढलेला.

"फोन ठिवा आत," ते म्हणाले. "लावू नकासा काय. ऱ्हाऊ द्या असंच."

"पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हनलोतो. पर आता बगा की, कोन तरी आत्ताच उटून गेल्यागत दिसतंय."

मी कढई परत मोरीत ठेवली आणि निघाले. गाडीत ड्रायव्हर तेवढा होता. मी एकटी राहते त्या शहरातल्या खोल्यांवर पोचेपर्यंत दिवस मावळला होता. कुलूप काढून मी दिवा लावला. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं, सकाळी मी ठेवलं होतं तसंच.